आलं का?

तुला गच्चीवर पिटाळलंय. साल १९८८, मे महिना, रविवारची सकाळ. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर जुनं नऊवारी लुगडं अंथरलंय, त्यावर ओल्या, पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा. हातात काठी आहे. काम एकच, कावळे हाकलायचे.

गहू तीन दिवस भिजत होते. आई रोज त्यांचं पाणी बदलायची. मग वाटून, गाळून चीक काढला, रात्रभर तो खाली बसू दिला आणि आज उजाडायच्या आत मोठ्या पातेल्यात हिंग-मीठ घालून शिजवला. त्यातला वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून तू आत्ताच ओरपलास. जीभ भाजली आहे, पण दुसरी वाटी मागितलीस ती बरोबरच. याच्याइतकी चविष्ट न्याहारी नंतर कुठल्याही हॉटेलात मिळायची नाही. सोऱ्या दाबायला मात्र तुझ्या दंडात जोर नाही, म्हणून राखण तुझ्याकडे.

साडेनऊ वाजत आले. गेल्या वर्षी जानेवारीत रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, तेव्हापासून रविवारी या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वाड्यात टीव्ही एकच, मागच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे, लाकडी शटरचा. त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडलाय. आजी आंघोळ-पूजा उरकून सगळ्यात पुढे बसली आहे. अरुण गोविल दिसले की ती हात जोडते. काकूंनी उदबत्तीही लावली आहे.

आणि नेमक्या पडद्यावर मुंग्या येतात.

अँटेना गच्चीवर, म्हणजे तेही काम तुझंच. पुण्याला चित्र सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येतं, तेव्हा काड्यांचं तोंड गडाकडे हवं. कावळा बसला की खांब फिरतो. तू तो हळूहळू वळवतोस आणि ओरडतोस, "आलं का?"

काकू खिडकीतल्या दादाला सांगतात, दादा चौकातल्या ताईला, ताई तुला. "आलं! आता हात लावू नकोस!" हे वर पोचेपर्यंत तू आणखी चार बोटं फिरवलेलं असतं. "गेलं रे!" मग उलटं वळवायचं. शेवटी चित्र स्वच्छ येतं, पण तुझा हात खांबावर असेपर्यंतच. हात काढला की रावणाची दहाही डोकी मुंग्यांत जातात. खालून एकमुखी हुकूम येतो, "तसाच उभा राहा!"

तू तसाच उभा. दोन फुटांवर कावळा कुरडईचं टोक ओढतोय आणि काठी पायाशी पडली आहे. तू हाड्-हाड् करतोस, पाय आपटतोस, पण खांब सोडत नाहीस. खाली चाळीस माणसं श्वास रोखून बसली आहेत. तुझ्या एका हातावर वाड्याचं रामायण चाललंय, आणि हा मान खरोखरच मोठा आहे.

तुला काहीच दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. शेजारच्या वाड्यातून, समोरच्या माडीतून, गल्लीच्या टोकावरून तेच संवाद, तीच गदांची खणाखण. शब्दन् शब्द पाठ होतो.

दुपारी चौकात युद्ध सुरू होतं. खराट्याच्या हिरांचे बाण, पाटाची ढाल. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते सगळे संवादावर अडतात. "अरे, पुढे काय म्हणाला तो?" तू एका दमात म्हणून दाखवतोस. हनुमानाचं काम लगेच तुला मिळतं, शेपटीला आजीच्या जुन्या धाबळीचा तुकडा मिळतो आणि तू ओट्यावरून लंकेत उडी मारतोस.