अकरा अक्षरांची ओळ आणि ग्रानाडातल्या गप्पा

आज गोष्ट एका उसन्या ओळीची.

साल १५२६. सम्राट पाचवा चार्ल्स लग्न करून स्पेनमधल्या ग्रानाडात मुक्कामाला आहे. तिथे बार्सिलोनाचा कवी हुआन बोस्कान आणि व्हेनिसचा राजदूत आंद्रेआ नावाजेरो यांच्या गप्पा रंगतात. नावाजेरो सुचवतो, इटलीतले चांगले कवी वापरतात ते रचनाप्रकार तुझ्या भाषेत करून बघ ना! परतीच्या लांब, एकाकी प्रवासात बोस्कानच्या डोक्यात तेच घोळत राहिलं, आणि त्यानं लिहायला घेतलं. मित्र गार्सिलासो दे ला वेगानंही त्याला हुरूप दिला.

त्या रचनांचा पाया म्हणजे दान्ते आणि पेत्रार्कची अकरा अक्षरी ओळ. आता गंमत बघा, यात अकरा हा आकडा पक्का नाहीच! पक्का असतो तो दहाव्या अक्षरावरचा जोर. त्यानंतर बहुधा एक हलकं अक्षर येतं, म्हणून अकरा. पोर्तुगीज लोक शेवटच्या जोरापर्यंतच मोजतात, त्यामुळे हीच ओळ त्यांच्याकडे दहाची होते. आपल्या इंद्रवज्रेतही अकरा अक्षरं असतात, पण तिथे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. इथे आधीचे जोर थोडे हलवता येतात, त्यामुळे ओळ बोलल्यासारखी वाटते.

नेमकं हेच लोकांना खटकलं. त्यांच्या कानाला सवय होती आठ अक्षरांच्या ठसठशीत ओळीची. बोस्काननं टीका नोंदवून ठेवलीय: हे पद्य की गद्य तेच कळत नाही, हे तर बायकांसाठी! कवी कास्तियेहोनं कवितेतूनच खिल्ली उडवली.

गार्सिलासो सैनिक होता. १५३६ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये लढताना जखमी झाला आणि नीसमध्ये वारला. १५४२ मध्ये बोस्कानही गेला. दोघांच्या कविता तशाच राहिल्या असत्या. पण १५४३ मध्ये बोस्कानची पत्नी आना हिरोन दे रेबोयेदो हिनं त्या बार्सिलोनात एकत्र छापून आणल्या. 'बायकांसाठी' म्हणून हिणवलेली ओळ एका बाईनंच वाचवली. मला या गोष्टीत सगळ्यात भावते ती हीच.

इटलीहून ही ओळ पोर्तुगालमध्येही गेली, सा दे मिरांदासारख्या कवींबरोबर. तिथला लुईश द कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला. १५७२ मध्ये लिस्बनला छापलेलं त्याचं महाकाव्य 'उश लुझीआदश' याच ओळीत आहे. आज ते पोर्तुगालचं राष्ट्रीय काव्य मानलं जातं.

तेव्हा 'हे आपलं नाही' असं कुणी म्हणालं, तर ही ओळ आठवा. भेटूया पुढच्या भागात!