लेखणीचे कष्ट

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आमच्या घराण्यांपैकी काहींना तलवारीने येथवर आणले, तर काहींना लेखणीने. तलवारी केव्हाच भिंतीवर गेल्या. लेखणी मात्र हातची सुटली नाही. फडणीस, चिटणीस, कारकून आणि आता संगणकापुढे बसणारी नातवंडे, अशी ही परंपरा आहे. तिने घराला अन्न दिले, तशी दुखणीही दिली. त्या दुखण्यांचा इतिहास आम्ही फारसा लिहिलेला नाही.

जाणत्यांच्या नजरेतून मात्र ही गोष्ट सुटली नव्हती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. तरुणपणी लिहिलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, हा इशारा त्यात आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचाही विचार केला. त्यांनी दुखण्याची तीन कारणे सांगितली : सततची बैठक, हाताची एकच एक हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. कोणत्याही कचेरीतील माणसाला ही तिन्ही कारणे आपलीच वाटतील.

आमचा जुना कारकून जमिनीवरील बैठकीवर बसून बोरूने मोडी लिही. तो त्यामुळे निरोगी होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पाठ त्याचीही वाकत असे. एवढेच, की उठताबसताना गुडघे, कंबर आणि पोटऱ्यांना काम पडे. खुर्चीने त्यातील बरेचसे काढून घेतले.

यावर व्यायामाचा उपाय संस्थानी काळातच पुढे आला. बडोद्यात माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. नमस्कारांवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी आरोग्य व दीर्घायुष्य यांच्या जोडीला कार्यक्षमतेचाही पुरस्कार केला. व्यायामाचा संबंध केवळ दंडाशी नसून कामाशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि सकाळच्या व्यायामाने दिवसभराच्या बैठकीची पूर्ण भरपाई होते काय? १९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. टपाल खात्यातही पोस्टमन आणि बैठे कर्मचारी यांच्यात असाच फरक दिसला. कामाच्या ओघात घडणारी हालचालही मोलाची असते, हा विचार त्यातून बळावला. पुढे २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांना, चालताना बहुतेकांना नव्या कल्पना अधिक सुचतात, असे आढळले. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात मात्र तसा लाभ दिसला नाही. तेव्हा मसुदा सुचेना तर चार पावले चालावे. बेरीज मात्र बसूनच करावी!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आणि बैठा वेळ कमी करण्याचाही सल्ला दिला. म्हणजे नमस्कारही हवेत आणि मधूनमधून उठणेही. पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ असावा, पाठीला आधार असावा, पावले जमिनीला टेकावीत; पण उत्तम आसनातही तासन्‌तास खिळून राहू नये.

नातवंडांना आम्ही जुनी दप्तरे मोठ्या अभिमानाने दाखवतो. त्याच वेळी ती दप्तरे लिहिणाऱ्या पाठींची आठवणही त्यांना द्यावी. लेखणीचा वारसा चालवायचा, तर तो पेलणारे शरीरही राखले पाहिजे.