शिक्षेची नोंद

सरकारदप्तरी एकदा गुन्हेगार म्हणून नाव चढले की ते पुसणे सोपे नसते. शिक्षा भोगून माणूस सुटतो, नोंद मात्र मागे राहते. परंतु ज्या राज्याने ती नोंद केली ते राज्यच लयाला गेले तर? गोमंतकाच्या, त्यातही पेडणे-डिचोलीकडील सीमाभागाच्या, इतिहासात या प्रश्नाची मोठी विलक्षण उत्तरे सापडतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख पोर्तुगिजांच्या 'नव्या काबिजादी'त गेला. पेडणे १७८८ साली. पुढे डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत दीपाजी राणे यांनी १८५२ मध्ये बंड करून नाणूसचा किल्ला घेतला. पोर्तुगीज दप्तरातले हे बंडखोर आज गोमंतकाच्या आद्य स्वातंत्र्यवीरांत गणले जातात.

१९४६ च्या चळवळीनंतर राजकीय आरोपी लष्करी न्यायालयापुढे उभे राहू लागले. चांदरचे त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. १९५० साली त्यांची सुटका झाली खरी, पण घरी परतण्याची मोकळीक मिळाली नाही. १९५३ मध्ये ते निसटून मुंबईस आले आणि १९५८ साली तेथेच वारले. गोवा मुक्त झालेला त्यांना पाहता आला नाही.

मोहन रानडे यांची कथा याहून कठोर आहे. मूळचे सांगलीकडील हे मनोहर आपटे सावई-वेरे येथे मराठीचे शिक्षक म्हणून राहिले व आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते. पोर्तुगालला गोव्याचे विलीनीकरणच मान्य नव्हते; ती मान्यता १९७४ पर्यंत मिळाली नाही. मग आपल्या न्यायालयाची शिक्षा रद्द समजण्याचे त्याला कारण काय? राज्य बुडाले, निकाल तरंगत राहिला! सुधीर फडके यांनी सुटकेसाठी अविश्रांत खटपट केली. अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे रदबदली केल्याचेही सांगतात. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तेलू मास्कारेन्यश यांना तर १९७० उजाडावे लागले. पुढे २००१ मध्ये भारत सरकारने रानडे यांना पद्मश्री दिली.

इकडे काळाने या नोंदीचा अर्थच उलटा केला. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. त्याची मुख्य अट होती किमान सहा महिन्यांची कैद. काल ज्या कागदाने माणूस कलंकित ठरला होता, तोच कागद आता त्याचा सन्मान सिद्ध करू लागला. पण १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातील पत्रादेवीच्या सीमेवरून निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, त्यांचे काय? काहींनी गोळ्या झेलल्या, पुष्कळांना मारहाण करून सीमेपलीकडे लोटून देण्यात आले. ज्याला कोठडीत टाकलेच नाही, त्याचे नाव तुरुंगाच्या वहीत कोठून येणार? शिक्षा झाली नाही याचेही असे दुःख असू शकते.

देशासाठी शिक्षा भोगणाऱ्याची नोंद इतिहास फिरवतो. भुकेपोटी नारळ चोरणाऱ्याची कोण फिरवणार? नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला मागितला की जुने प्रकरण पुन्हा वर येते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमाने थोडी वाट काढली आहे: चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर किंवा नुसत्या समजुतीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. मात्र दोषसिद्धी स्वतः पुसली जात नाही, आणि प्रत्यक्ष तुरुंगवास भोगून आलेल्याला या कलमाचा उपयोग नाही.