परवानगी विमानात बसण्याची, आत राहण्याची नव्हे

मागच्या वेळी आपण पासपोर्टची गोष्ट पाहिली. व्याख्यान संपल्यावर एक काकू थांबल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण टोरोंटोला असते, पासपोर्ट कॅनडाचा. बहिणीची मुलगी लंडनला, आणि तिला नुकताच मुलगा झालाय. म्हणजे आजीच्या फेऱ्या सुरू. काकू म्हणाल्या, "तिने ब्रिटनची ती ऑनलाइन परवानगी काढली, दोन वर्षांची. आता दोन वर्षं ती केव्हाही जाऊन हवी तितकी राहू शकते ना?"

मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. ते आज करू.

परदेशी जाणाऱ्या माणसाला खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न पार करावे लागतात. पहिला : तुम्हाला जहाजात किंवा विमानात बसू द्यायचं का? दुसरा : पलीकडे पोचल्यावर आत घ्यायचं का? तिसरा : आत घेतलं तर किती दिवस राहायचं आणि काय करायचं? आपण बोलताना या तिन्हीला मिळून 'व्हिसा मिळाला' म्हणून टाकतो. घोळ तिथूनच सुरू होतो. हे तीन प्रश्न इतिहासात वेगवेगळ्या वेळी आले, आणि त्यांची उत्तरं देणारी माणसंही वेगळी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जाणाऱ्यांचा निकाल बंदरावर लागायचा. १८९२ साली न्यूयॉर्कला एलिस बेट सुरू झालं. जहाजातून उतरायचं, रांगेत उभं राहायचं, डॉक्टर बघणार, अधिकारी प्रश्न विचारणार, आणि मग आत किंवा परत. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात एक कलम आलं होतं, ते फार महत्त्वाचं आहे. ज्याला आत घेतलं नाही, त्याला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीने करायचा. आता कंपनी काय करणार? ती आपल्या बंदरावरच माणसं तपासून घ्यायला लागली. म्हणजे सीमा अमेरिकेची, पण राखण करणारा जहाज कंपनीचा कारकून, आणि तोही युरोपातल्या धक्क्यावर बसलेला. पुढे १९२४ च्या कायद्याने हे पक्कं केलं. परदेशातल्या अमेरिकी वकिलातीतून आधी व्हिसा घ्यायचा, मगच निघायचं. तपासणी घरच्या दारातून उचलून प्रवाशाच्या गावात नेली.

पण लक्षात घ्या, व्हिसा आला म्हणून बंदरावरचा अधिकारी गेला नाही. तो तिथेच राहिला, आणि शेवटचा शब्दही त्याचाच राहिला. ही गोष्ट आजच्या विषयाचा कणा आहे.

आता उडी मारून १९८६ सालावर येऊ. या एकाच वर्षात दोन उलट गोष्टी झाल्या. अमेरिकेने कायदा करून काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ द्यायचं ठरवलं. आधी प्रयोग म्हणून. १९८८ मध्ये पहिला नंबर ब्रिटनचा लागला, मग जपानचा. भारत त्या यादीत कधीच आला नाही. आणि त्याच १९८६ च्या ऑक्टोबरात ब्रिटनने भारतीयांवर व्हिसाची सक्ती लावली. त्याआधी भारतीय माणूस भेटीसाठी लंडनला जायचा तो थेट विमानात बसून, आत घ्यायचं की नाही ते हीथ्रोवर ठरायचं. सक्ती लागू व्हायच्या आधीच्या दिवसांत हीथ्रोवर इतकी माणसं उतरली की यंत्रणा कोलमडायची वेळ आली. तुमच्यापैकी काहींच्या घरी ती आठवण असेल.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, ब्रिटनने विमान कंपन्यांवर दंडाचा कायदा केला. योग्य कागद नसलेला एक प्रवासी आणला की एक हजार पौंड, पुढे तो दोन हजार झाला. बघा, १८९१ चीच युक्ती. फरक इतकाच की जहाजाच्या जागी विमान आलं आणि धक्क्याच्या जागी चेक-इनचा काउंटर.

मग प्रश्न उरला तो व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशांचा. ते तर कोणालाही न विचारता निघत होते. त्यांची आधी चाळणी कशी करायची? पहिलं उत्तर ऑस्ट्रेलियाने काढलं, १९९६ मध्ये. ऑस्ट्रेलियाची पंचाईत वेगळी होती. त्यांच्या कायद्यात बाहेरच्या प्रत्येकाला व्हिसा लागतोच. ऑलिंपिक तोंडावर, पर्यटक वाढणार, आणि वकिलातीत इतके शिक्के मारणार कोण? म्हणून त्यांनी ट्रॅव्हल एजंट आणि विमान कंपन्यांच्या संगणकावरूनच परवानगी द्यायला सुरुवात केली. पासपोर्टवर काही चिकटवायचं नाही, नोंद फक्त संगणकात. बारा महिने चालणार, कितीही फेऱ्या करा, दर फेरीला जास्तीत जास्त तीन महिने. नाव 'ईटीए', पण कायद्याच्या दृष्टीने तो व्हिसाच आहे.

अमेरिकेचं तसं नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिथे प्रश्न उठला की व्हिसाशिवाय येणाऱ्यांची माहिती आपल्याला विमान उतरेपर्यंत नसते, हे कसं चालेल? २००७ च्या कायद्यातून 'एस्टा' आली आणि १२ जानेवारी २००९ पासून सक्तीची झाली. सुरुवातीला ती फुकट होती. २०१० मध्ये १४ डॉलर, मग २१, आणि सप्टेंबर २०२५ च्या शेवटी ४०. ती दोन वर्षं चालते, एका फेरीला ९० दिवस. पण एस्टा हा व्हिसा नाही. ती फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे : विमानात बसा. कॅनडाने २०१६ मध्ये तेच केलं, पाच वर्षांची परवानगी, सात डॉलर. न्यूझीलंड २०१९, दक्षिण कोरिया २०२१. युरोपीय संघाने २०१८ मध्ये कायदा केला, पण प्रत्यक्ष सुरुवात सारखी पुढे जात राहिली.

ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ही सोय घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारपासून आरंभ केला. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरेंना ८ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, युरोपीयांना त्याच वर्षीच्या २ एप्रिलपासून. फी आधी १० पौंड, मग एप्रिल २०२५ मध्ये १६. मुदत दोन वर्षं, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते.

आता काकूंच्या बहिणीकडे वळू. या दोन वर्षांचा अर्थ काय? अर्थ इतकाच, की दोन वर्षांत तिला पुन्हा अर्ज न करता विमानात बसता येईल. कितीही वेळा. ही दोन वर्षं परवानगीच्या आयुष्याची आहेत, मुक्कामाची नाहीत. मुक्कामाची मर्यादा दर भेटीला सहा महिने, आणि ती ईटीएमुळे आलेली नाही, आधीपासूनच होती.

इथे एक समज फार पसरलेला आहे. बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी राहिलं की झालं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. ब्रिटनच्या नियमांत भेटीला येणाऱ्यासाठी असा ठरावीक आकडा नाही. नियम वेगळाच आहे, आणि जास्त अवघड आहे. तो म्हणतो की पाहुण्याने पाहुणाच असलं पाहिजे. एकामागून एक भेटी देऊन तिथे दीर्घकाळ राहणं, किंवा ब्रिटनलाच आपलं मुख्य घर करणं, हे चालणार नाही. मग अधिकारी काय बघतो? मागच्या वेळी किती राहिलात, परत जाऊन किती दिवसांत पुन्हा आलात, तुमचं घर कुठे आहे, उत्पन्न कुठलं, डॉक्टर कुठला, परतीचं काय. पाच महिने राहून तीन आठवड्यांत पुन्हा आलेली आजी एकशे ऐंशीच्या हिशोबात बसत असेलही, पण अधिकाऱ्याच्या नजरेत ती पाहुणी राहिलेली नसते.

आणि इथे एक नवी अडचण आली आहे. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांच्या प्रवाशांना २०१९ च्या मे महिन्यापासून ब्रिटनचे ई-गेट वापरता येतात. पासपोर्ट ठेवा, चेहरा दाखवा, दार उघडतं. अधिकारी भेटत नाही, शिक्का बसत नाही. माणसाला वाटतं, कोणी बघतच नाहीये. नोंद मात्र होत असते. पाचव्या खेपेला कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला तारखांचा कागदही नसतो. म्हणून माझं सांगणं : बोर्डिंग पास, तिकिटं जपून ठेवा.

काय चालतं आणि काय चालत नाही, तेही पाहू. नातवाला भेटणं, फिरणं, बैठकीला जाणं, सहा महिन्यांपर्यंतचा छोटा अभ्यासक्रम, हे चालतं. आपल्या देशातल्या नोकरीचं काम लॅपटॉपवर थोडंफार केलं तर २०२४ पासून चालतं, पण तेच येण्याचं मुख्य कारण असता कामा नये. तिथे नोकरी धरणं चालत नाही. लग्न करायला जायचं असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. आणि पासपोर्ट नवा घेतला की जुनी परवानगी संपली. ही चूक नेहमी जाणाऱ्यांकडूनच जास्त होते, कारण त्यांनी गृहीत धरलेलं असतं. ईटीए नाकारली गेली तर अपील नाही. मग व्हिसासाठी रीतसर अर्ज करायचा.

अमेरिकेत काटा आणखी कडक आहे. एस्टावर गेलेल्याला मुदत वाढवून मिळत नाही. काही जण म्हणतात, कॅनडात चार दिवस जाऊन येतो, मग नवे ९० दिवस. साधारणपणे तसं होत नाही. कॅनडा, मेक्सिको आणि आसपासच्या बेटांवरचे दिवस त्याच ९० मध्ये धरले जातात. शिवाय एस्टावर येणारा माणूस, आश्रयाची मागणी सोडली तर, परत पाठवण्याविरुद्ध दाद मागायचा हक्क आधीच सोडून देतो. टिचकी मारताना हे कोण वाचतं? २०१५ च्या कायद्यानंतर, मार्च २०११ पासून इराण, इराक, सीरिया, सुदान अशा देशांत जाऊन आलेल्यांना, थोडे अपवाद सोडले तर, एस्टा मिळतच नाही. त्यांनी व्हिसा घ्यायचा.

युरोपातल्या शेंगेन देशांचा मार्ग उलटा. तिथे पाहुण्याच्या मनात काय आहे यापेक्षा आकडा मोठा : कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे मोजणी यंत्रच करतं. म्हणजे दोन पद्धती झाल्या. एक दिवस मोजते, दुसरी हेतू जोखते. पहिलीत पळवाट कमी, पण आपण कुठे आहोत ते कळतं. दुसरीत मोकळीक जास्त, पण भरवसा कमी.

आपण भारतीय यात कुठे? भारतीय पासपोर्टवर ब्रिटन-अमेरिकेला ही परवानगी लागू नाही, आपल्याला व्हिसाच लागतो. पण पुण्या-मुंबईचे किती आईवडील ब्रिटनचा दहा वर्षांचा व्हिजिट व्हिसा घेऊन बसलेत! त्यांनाही हेच लागू आहे. दहा वर्षं व्हिसाची, मुक्काम दर भेटीला सहा महिने, आणि पाहुण्याची अट तीच. श्रीलंकेला जाताना मात्र आपल्याला ईटीएचाच अनुभव येतो, २०१२ पासून.

आणि आपण स्वतः काय केलं? २७ नोव्हेंबर २०१४ रोजी भारताने ४३ देशांसाठी ऑनलाइन सोय सुरू केली. नावात 'आगमनावर व्हिसा' आणि 'ईटीए' दोन्ही शब्द होते. लोकांना वाटलं विमानतळावरच मिळेल, आणि काही जण तसेच यायला लागले. पुढच्या एप्रिलमध्ये नाव बदलून 'ई-टुरिस्ट व्हिसा' करावं लागलं. तेव्हा तो ३० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा, आणि वर्षातून दोनदाच मिळायचा. म्हणजे नेहमी येणाऱ्यासाठी तो नव्हताच. पाच वर्षांचा पर्याय २०१९ मध्ये आला. मूळ भारतीय वंशाच्यांसाठी ओसीआय कार्ड आहे, आयुष्यभराचं. ते देताना सरकारने एक गोष्ट कबूल केली, की काही माणसं पाहुणी नसतात, त्यांचं इथे नातं असतं.

मला वाटतं खरा पेच इथे आहे. या सगळ्या परवानग्या पर्यटक आणि व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून बांधल्या. जो येतो, बघतो, पैसे खर्च करतो, जातो. आजी त्यात बसत नाही. ती राहायला आलेली नसते आणि फिरायलाही आलेली नसते. बाळाला दात येईपर्यंत, मुलीची नोकरी पुन्हा सुरू होईपर्यंत ती येते. कायद्याकडे तिच्यासाठी वेगळा शब्द नाही, म्हणून तो तिला 'पाहुणी' म्हणतो, आणि तिने तसंच वागावं अशी अपेक्षा ठेवतो.

तर काकू, तुमच्या बहिणीला सांगा : दोन वर्षं तुला विमानात बसता येईल. आत घ्यायचं की नाही, हे दर वेळी दारात ठरेल. दोन भेटींमध्ये टोरोंटोत खरोखर राहा, आणि तारखा वहीत लिहून ठेव. खरंच वर्षातले बहुतेक महिने लंडनला काढायचे असतील, तर ही परवानगी त्यासाठी नाही. मग दुसरा रस्ता शोधायला वकिलाकडे जा, आणि पाचव्या फेरीआधी जा.

प्रश्न असतील तर घेऊ.