वकिलाचा घट

मराठीत इंग्रजी ‘सेल’ला ‘घट’ हा प्रतिशब्द ज्या कोणी प्रथम योजला असेल, त्याच्या डोळ्यांपुढे आम्लाने भरलेले काचेचे भांडे आणि त्यात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्या असणार. आज मोटारीत किंवा प्रायोगिक विमानात जो इंधनघट बसवतात, तो म्हणजे शेकडो पातळ पत्र्यांची घट्ट आवळलेली चळत. त्यात घटासारखे काही उरलेले नाही. तरीही हे नाव मला अनुचित वाटत नाही, कारण या यंत्राची कुळकथा पाहू गेल्यास त्याच्या चालकांना यंत्रापेक्षा त्याच्या इंधनाच्या भांड्यानेच अधिक छळले, असे दिसून येते.

कुळाचा मूळ पुरुष विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह हा वेल्समधील स्वान्सी गावचा, जन्माने 1811 सालचा, आणि पेशाने वकील. प्रकृती नाजूक म्हणून कज्जेदलालीतून सवड काढून तो रसायनाच्या नादी लागला. पाण्यातून वीज सोडल्यास त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे विभाजन होते, हे त्या काळी सर्वश्रुत होते. तोच दावा उलट बाजूने चालवून पाहावा, म्हणजे दोन्ही वायूंना पुनश्च एकत्र आणून त्यांच्याकडून विजेची वसुली करावी, ही तजवीज ग्रोव्हची. विरल गंधकाम्लात उपड्या घातलेल्या दोन नळ्या, प्रत्येकीत प्लॅटिनमची पट्टी, एकीत हायड्रोजन व दुसरीत प्राणवायू, एवढेच त्याचे साहित्य. तारा जोडताच वीज वाहू लागे आणि वायू खर्च होईल तसतसे नळ्यांतील द्रव वर चढे. हायड्रोजनच्या नळीत तो दुप्पट वेगाने चढे, कारण पाण्याच्या घटनेत हायड्रोजनचा वाटाच दुप्पट आहे. असे चार घट जोडून त्यांच्या विजेने त्याने पाचव्या भांड्यातील पाणी फोडून दाखवले. 1839 साली सूचित केलेली ही कल्पना 1842 साली त्याने विस्ताराने मांडली. याच सुमारास बाझेल येथे शोनबाइन हा रसायनज्ञही त्याच वाटेने चालला होता, म्हणून वंशावळीत त्याचेही नाव नोंदवणे न्याय्य होय. वायू, द्रव आणि प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकमेकांस भिडतात तेवढ्याच जागी क्रिया घडते, आणि ती जागा वाढवल्यावाचून वीज वाढायची नाही, हे मर्मही ग्रोव्हने हेरले होते. पुढची शंभर वर्षे संशोधक झगडले ते मुख्यत्वे या एका निरीक्षणाशी. ग्रोव्ह मात्र वकिलीकडे परतला, विल्यम पामर या कुप्रसिद्ध विषप्रयोग्याच्या बचावास 1856 साली उभा राहिला आणि अखेरीस न्यायाधीश झाला.

मधल्या काळात लुडविग मॉन्ड व कार्ल लँगर यांनी 1889 साली कोळशाच्या वायूवर प्रयोग केले. पण डायनॅमो स्वस्त झाला होता आणि प्लॅटिनम महागच राहिले होते, तेव्हा व्यापाराच्या दरबारात या अर्जाची दाद लागली नाही. ती पुढे लागली ती फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याच्या चिकाटीमुळे. टर्बाइनच्या कारखान्यात नोकरी करीत असता हा गृहस्थ दाबाखालील हायड्रोजनशी गुपचूप खेळत असे, आणि ही गोष्ट उघडकीस येताच प्रयोग सोडावेत की नोकरी, असा पेच पडला. त्याने नोकरी सोडली. आम्लाऐवजी पोटॅशचा अल्कधर्मी द्राव आणि प्लॅटिनमऐवजी सच्छिद्र निकेल वापरून त्याने 1959 साली 5 किलोवॉटचा संच चालवून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी इहरिग याने 1,008 घटांवर शेतातला ट्रॅक्टर चालवला. बेकनच्या पेटंट-हक्कांवर आधारलेले घट अपोलो यानांतून चंद्राकडे रवाना झाले. त्यांनी वीज पुरवली आणि अंतराळवीरांना पिण्याचे पाणीही दिले. ज्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘पाणी उपजवणारा’ असा आहे, त्या हायड्रोजनने नावास जागावे असा हा प्रसंग.

रस्त्यावर मात्र वैभव उतरेना. जनरल मोटर्सने 1966 साली सिद्ध केलेल्या इलेक्ट्रोव्हॅन गाडीत द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायू यांच्या टाक्या, नळ्या आणि घट यांनी अशी मुलूखगिरी केली, की एरवी सहा माणसांना पुरणाऱ्या गाडीत दोघांपुरतीच जागा उरली आणि एकूण वजन 3,200 किलोंच्या घरात गेले. त्या गाडीच्या घटांवर काम केलेल्या कार्ल कॉर्डेश याने पुढे हायड्रोजनची सहा नळकांडी टपावर लादून आपली छोटी ऑस्टिन मोटार तीनएक वर्षे वापरली. संशोधकाने आपल्या शोधावर स्वतःचाच जीव जामीन ठेवावा, यापरता दाखला कोणता? आम्ल वा पोटॅश यांच्या जागी पातळ बहुवारिकाचा पडदा आल्यावर घट आटोपशीर झाला. परंतु 2014 साली विक्रीस आलेल्या टोयोटाच्या मिराई मोटारीतही सुमारे 5 किलो हायड्रोजन बाळगण्यासाठी 80 किलोंहून अधिक वजनाच्या टाक्या लागल्याच. बसचे त्या मानाने बरे, तिचे छप्पर मोकळे असते. केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेली अशी बस 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात लोकांपुढे आली.

विमानापुढचा पेच निराळा. हायड्रोजन वजनात विमानाच्या केरोसीनहून सुमारे तिपटीने ऊर्जावान. पण द्रवरूप केला तरी तेवढ्याच ऊर्जेसाठी तो सुमारे चौपट जागा अडवतो. बोईंगच्या संशोधकांनी 2008 साली स्पेनमध्ये एका मोटर-ग्लायडरला उड्डाणासाठी बॅटरीची जोड दिली होती. वर पोहोचल्यावर केवळ इंधनघटावर तो सुमारे 20 मिनिटे समपातळीत उडाला. पुढच्याच वर्षी हँबुर्ग येथे अंतारेस या विमानाने बॅटरीच्या साहाय्यावाचून धावपट्टी सोडली. जर्मन संशोधकांचे चार आसनी एचवाय-फोर हे विमान 2016 साली श्टुटगार्टहून उडाले तेव्हा त्याचा हायड्रोजन दाबाखालच्या वायूच्या रूपात होता. 2023 च्या सप्टेंबरात मारिबोर येथून ते पुन्हा आकाशात गेले आणि एका खेपेस तीन तासांहून अधिक काळ उडाले. या वेळी यंत्राहून महत्त्वाचा बदल भांड्यात झाला होता : दाबाच्या टाक्या जाऊन तेथे शून्याखाली 253 अंशांवरचा द्रव राखणारे, दुहेरी भिंतींचे आणि मध्ये निर्वात पोकळी असलेले एक पात्र आले होते.