लोकल, ट्राम आणि छायाचित्र

मुंबईत वाढलेल्या माणसाला लोकल घरातलीच वाटते, म्हणून तिचा फोटो काढावा असे कोणाच्या मनात येत नाही. लग्नामुंजीचे अल्बम घरोघरी असतात, पण ज्या गाडीने तीस वर्षे नोकरी केली तिचा एकही फोटो सापडत नाही. गाडी बंद झाली की मग हळहळ वाटते.

व्हीटी ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. आपल्या चेन्नईत १९३१ साली बीच ते तांबरम मीटर गेजवर विजेच्या लोकल सुरू झाल्या. त्या मीटर गेज लोकल २००४ मध्ये थांबल्या, तर मुंबईच्या लोकलमार्गांवरील डीसी वीज २०१६ मध्ये संपली. ट्रामचेही तसेच झाले. विजेची ट्राम मद्रासला १८९५ मध्ये म्हणजे मुंबईच्या बारा वर्षे आधी आली आणि १९५३ मध्ये गेली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

आम्ही डिप्लोमावाले जुना फोटो हाती आला की गाडीआधी तिच्या डोक्यावरची तार पाहतो. तार जाड आणि इन्सुलेटर आखूड असतील तर १५०० व्होल्ट डीसी. तार हलकी आणि इन्सुलेटर लांब असतील तर २५ हजार व्होल्ट एसी. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, म्हणून तार हलकी चालते. रुळांमधले अंतर एक मीटर की १.६७६ मीटर, हेही नजरेला कळते. एवढ्यावरून फोटोचा काळ बराचसा ठरवता येतो.

दाट वस्तीच्या शहरात उभे राहायला जागा मिळत नाही, ही खरी अडचण. एमआरटीएस तर बकिंगहॅम कालव्याच्या कडेने बसवावी लागली. १९९५ मध्ये ती बीच ते चेपॉक सुरू झाली आणि २००७ मध्ये वेलाचेरीला पोहोचली. तिचा फोटो कालवा आणि गच्च्यांसकट घ्यावा, म्हणजे शहरही त्यात येते. मात्र स्टेशनात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये, आणि उंचीसाठी डब्यावर किंवा वाघिणीवर तर कधीच चढू नये. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागावा लागत नाही, नुसते जवळ गेले तरी माणूस जातो. अशा तरुणांच्या बातम्या आम्हा रेल्वेवाल्यांना नवीन नाहीत.

माधवरम ते सिरुसेरी सिपकॉट हा मार्ग असलेल्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. खांब उभे राहण्यापूर्वीचा ओएमआर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्याचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर पुसू नका. प्रत्येकावर ठिकाण, तारीख आणि तोंड कोणत्या दिशेला होते एवढे लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी एखाद्याला हाच इतिहास शोधायचा असेल, आणि बिनतारखेचा फोटो त्याच्या निम्माच कामाचा असेल.