शर्यतीआधीचा तास

लांब पल्ल्याची शर्यत म्हटली की आपण विचारतो, पहिला कोण आला, किती वेळ लागला? परंतु ज्याने अशी शर्यत केली आहे त्याला विचारून पहा. सर्वांत कठीण असतो तो सुरुवातीआधीचा तास. हात गार पडतात, पोटात गोळा येतो, पाय लटपटतात. या तासाचे काय करावे, हे समजून घ्यायला वाचकहो, थोडे उरणच्या किनाऱ्याला चला.

उरण तालुक्यातले करंजा हे गाव धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी आहे, पलीकडे रेवस. याच खाडीतून धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 35 किलोमीटर अंतर पोहून जातात. येथे नुसते दंडातले बळ पुरत नाही. खाडीबाहेर पडताना ओहोटीची साथ हवी आणि मुंबई बंदरात शिरताना भरतीची. वेळ चुकली, तर माणूस हात मारून थकतो आणि जागच्या जागी राहतो.

या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना, तोंडी हिशेब आहे. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुढे सुमारे सहा तासांनी सुकती. होडी लोटणाऱ्या कोळ्याला समुद्राचे भय नसते असे नव्हे. पण पाणी केव्हा फिरणार, हे त्याला ठाऊक असते. भय असते, पण ते कामाला जुंपलेले असते.

आता इंग्लिश खाडीकडे वळू. 27 ऑगस्ट 1959 रोजी कलकत्त्याची आरती साहा फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहायला सज्ज होती. वय 18 वर्षे. तिच्या सोबतीची होडीच 40 मिनिटे उशिरा आली! तयार होऊन ताटकळणे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच कळते. पुढे अनुकूल प्रवाह हातचा गेला आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना तिला थांबावे लागले. पण महिन्याभराने, 29 सप्टेंबरला, ती पुन्हा त्याच पाण्यात उतरली आणि 16 तास 20 मिनिटांत पार झाली. इंग्लिश खाडी पोहणारी ती पहिली आशियाई स्त्री. दुसऱ्या वेळी भीती नव्हती असे कोण म्हणेल? उलट, काय काय बिघडू शकते, हे आता तिला पुरते ठाऊक होते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शर्यतीआधी थरथरणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नका. छाती धडधडते ती शरीर कामाला लागल्यामुळे. त्याला काम द्या. आदल्या दिवशी सारी वाट पायी दाखवा. चढ कोठे, पाणी कोठे, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. पोटाला नवे काही देऊ नका. पहिला मैल मुद्दाम सावकाश धावायला सांगा, कारण घाबरलेला गडी हमखास सुरुवातीलाच उधळतो आणि मग शेवटी त्याच्यापाशी दम उरत नाही. आणि तो अर्ध्यावरून परतला, तर पुढच्या शर्यतीत त्याचे नाव सर्वांत आधी लिहा.